तुझे देव किती?

सासुरवाडीला पहिल्यांदा गेलेल्या जावयाला काय विचारतात? प्रवास कसा झाला, चहा घेणार की सरबत, नोकरी कायम आहे ना. मला विचारलं ते असं : "तुझे देव किती?"

साल १९८८, एप्रिल महिना. माझी सासुरवाडी एटापल्ली तालुक्यातली. गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशात पूर्वेकडं छत्तीसगडला लागून जो हिरवा भाग दिसतो, तिथली. मी वाईचा, कृष्णाकाठचा. नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवत होतो. तिथंच एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या माडिया मुलीशी माझं लग्न झालं. नोंदणी पद्धतीनं, चार साक्षीदारांसमोर. दोन्हीकडचं कुणी आलं नव्हतं. तिच्या घरचे आले नाहीत, कारण पत्र पोचायलाच महिना लागला. माझ्या घरचे का आले नाहीत, ते पुढं सांगतो.

नागपूरहून गडचिरोली, तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीचा साग म्हणजे काय चीज आहे, ते एसटीच्या खिडकीतून मान मोडेपर्यंत पाहिलं. पुढं तीसेक किलोमीटरवर एटापल्ली आणि तिथून गट्ट्याच्या रस्त्यानं काही अंतर पायी. अंगणात बाजेवर माझे चुलतसासरे बसले होते. अंगावर पंचा, तोंडात विडी. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तो प्रश्न टाकला. माडिया बोलीत अहो-जाहो नाही, त्यामुळं त्यांच्या मराठीतही ते आलं नव्हतं. जावईबापू वगैरे ऐकायची तयारी करून गेलेला मी, त्या 'तू'नंच निम्मा गार झालो होतो.

मी इतिहासाचा प्राध्यापक. म्हटलं, प्रश्न तत्त्वज्ञानाचा दिसतोय. उत्तर दिलं, "तेहतीस कोटी."

अंगणात एकदम शांतता पसरली आणि मग हशा उठला. माझी बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

तो प्रश्न देवाधर्माचा नव्हताच, नात्याचा होता. गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येवर विभागलेली असतात. चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची. गोंडी भाषेत नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. तेलुगू येणाऱ्यांच्या कानाला हे आकडे ओळखीचे वाटतील, कारण गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा. ज्यांचे देव सारखे ते सगळे भाऊ-बहीण, मग ते चार डोंगरांपलीकडे का राहत असेनात. त्यांच्यात लग्न होत नाही. ज्यांचे देव वेगळे त्यांच्याकडं लेक देता येते, त्यांची आणता येते. बस्तरमध्ये प्रशासक असलेल्या डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ साली माडिया लोकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या दोन गटांची नावं दिली आहेत : दादाभाई आणि आक्कोमामा. आक्को म्हणजे आईचे वडील आणि मामा म्हणजे आपला मामाच. जगातला प्रत्येक माणूस एक तर आपला दादाभाई, नाही तर आक्कोमामा. तिसरी जात नाही.

मी तो ग्रंथ वाचलेला होता, हे सांगायला आज लाज वाटते. परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी आठ गुण मिळवले असते. अंगणात विचारलं तेव्हा तेहतीस कोटी म्हणालो.

हसून झाल्यावर चुलतसासऱ्यांनी विडी विझवली आणि हिशेब मांडला. "आमचे सात. सातवाल्याची लेक सातवाल्याकडं जात नाही. मग तुझे सहा धरू." संपलं. गावच्या दुसऱ्या टोकाला सहा देवांचं एक घर होतं. त्या घरच्या कर्त्या माणसाला हाक मारून आणलं आणि सांगितलं, हा तुझा धाकटा भाऊ, वाईहून आलाय. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "चल." माझा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जवळचा मित्र मला असा मिळाला. ना ओळखपाळख, ना आवडीनिवडी जुळणं. एका आकड्यावर मिळाला.

या 'चल'नंतर जे खाल्लं-प्यायलं, त्यावर एक वेगळं भाषण होईल. पण त्याआधी जे खाल्लं नाही, ते सांगायला हवं.

अंगणातला हिशेब संपल्यावर सासूबाईंनी पानाच्या द्रोणात जावा आणून दिला. जावा म्हणजे कोसरा, नाचणी किंवा तांदळाच्या कण्यांची पातळ पेज. रात्री शिजवून ठेवतात, सकाळपर्यंत किंचित आंबते. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून शेतावर, रानात नेतात. उन्हात दिवसभर तहान आणि भूक दोन्ही भागवणारं असं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण त्या दिवशी मला निघताना एका डॉक्टर मित्रानं दिलेला सल्ला आठवला. बाहेरचं पाणी पिऊ नकोस. मी हात जोडून म्हटलं, "आत्ता नको, पोट जरा..." सासूबाईंनी द्रोण परत घेतला, जावा तुंब्यात ओतला आणि आत गेल्या. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी माझ्यासाठी कोंबडा कापला. तो मी चवीनं खाल्ला आणि वाटलं, चला, मान राखला.

बायको चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती. मला वाटलं, माहेरी आलीय, गप्पांत रमलीय.

कारण कळलं ते माझ्या सहा देवांच्या भावाकडून. आम्ही पहाटे मोह वेचायला गेलो होतो. मोहाच्या झाडाखाली पाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. रात्रभर फुलं गळत राहतात आणि उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन येतात. पिवळसर पांढरी, मांसल, रसानं भरलेली फुलं. दोन-चार तिथंच तोंडात टाकायची. गोंडीत मोहाच्या फुलाला इरुप म्हणतात, तेलुगूत मोहाला इप्प, तमिळमध्ये इलुप्पै. म्हणजे हा शब्द किती जुना असेल आणि किती लांबवर पसरलेला, बघा. वाळवलेली फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून खातात. फळाच्या बियांचं तेल काढतात, त्यात भाजी फोडणीला पडते. त्याचा वास पहिल्या दिवशी नकोसा वाटतो, तिसऱ्या दिवशी लक्षात येत नाही आणि नागपूरला परतल्यावर आठवण येते. मोहाचा जो उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल बोलत नाही. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि हे आकाशवाणीचं केंद्र आहे.

तर झाडाखाली बसून भावानं त्याच्या आजोबांची आठवण सांगितली. साहेबाचा दौरा येणार असं कळलं, की गावातल्या कोंबड्या रात्रीतून रानात हलवत. साहेब म्हणजे जंगलखात्याचा, पोलिसांचा, कधी जमीनदाराचा कारभारी. त्याचा तंबू वाहायला माणसं धरायची, त्याला रसद पुरवायची. अंडी, कोंबडे, तांदूळ, सरपण. पैसे मिळाले तर मिळाले. "ते आमचा कोंबडा खायचे," भाऊ म्हणाला, "जावा कुणी पीत नसे."

मी हातातली फुलं टोपलीत टाकली. माझ्या पहिल्या दिवसाच्या वागण्याला त्या अंगणात किती जुनी ओळख होती, ते तेव्हा समजलं.

आमचा विषय इतिहास म्हणून थोडं सांगतो. हा सगळा मुलूख अहेरीच्या जमीनदारीत होता, जुन्या चांदा जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी. १८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदाही त्यांच्याकडं गेला. चार वर्षांत याच पट्ट्यातल्या बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदारानं बंड केलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. त्यानंतर आली जंगलखात्याची राखीव वनं, १८६५चा आणि १८७८चा वनकायदा. इंद्रावतीच्या पलीकडं बस्तरमध्ये १९१० साली मोठा उठाव झाला, त्याला भूमकाल म्हणतात. त्याच्या कारणांत दोन गोष्टी ठळक होत्या. जंगल राखीव करणं आणि वेठबिगार. वेठबिगारीचा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो तो मजुरीच्या अंगानं. तो ताटाच्या अंगानंही असतो, हे मला त्या पहाटेपर्यंत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंसमोर जाऊन बसलो आणि जावा मागितला. त्यांनी दिला. माझी अपेक्षा होती की त्या खूश होतील. त्या काहीच बोलल्या नाहीत, दुसरा द्रोण भरला. पोटाला काहीही झालं नाही.

पुढच्या वर्षांत ऋतुमानाप्रमाणं खाणं शिकलो. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आणि वारुळावर उगवणाऱ्या सात्या. सात्यांची भाजी खाल्लेल्या माणसानं शहरातले डबाबंद मश्रूम खाऊ नयेत, उगाच दुःख होतं. बांडिया नदीचे मासे. लाल मुंग्यांची चटणी, जी आंबट लागते आणि जिच्याबद्दल शहरात सांगितलं की लोक तोंड वाकडं करतात आणि लगेच पुन्हा विचारतात. नव्या पिकाचं किंवा फळाचं पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे आधी देवाला दिल्याशिवाय, ते कुणी खात नाही. आंबे समोर लोंबकळत असतात आणि पोरंसुद्धा हात लावत नाहीत. आणि चारोळी.

चारोळीवरून आता वाईला यावं लागेल.

१९९० साली दिवाळीत माझा सहा देवांचा भाऊ आणि त्याची बायको आमच्याकडं आले. नागपूरहून आम्ही चौघं वाईला गेलो. माझ्या आईला सून पसंत नव्हती, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. तरी तिनं दार उघडलं होतं. तिनंही एक प्रश्न विचारला, मला बाजूला घेऊन. "त्यांचं गोत्र काय रे?" मी म्हटलं, सहा देव. ती म्हणाली, थट्टा करू नकोस.

जेवायला पानं घेतली, ती घरातल्यांची माजघरात आणि त्या दोघांची ओसरीवर. आई म्हणाली, ओसरीवर वारा छान येतो. माझी बायको काही न बोलता आपलं ताट उचलून ओसरीवर जाऊन बसली. मी माजघरात जेवलो. चाळीस पावलांचंही अंतर नव्हतं. आईला वाईट वाटेल, असं तेव्हा मी मनाशी म्हणालो. ते खोटं होतं. मला भावकीतल्या चार जणांचं भय वाटत होतं, जे माझ्या शेजारी बसले होते.

वाढायला बासुंदी होती. वर चारोळ्या. ओसरीवरून भावाचा आवाज आला. त्यानं एक चारोळी बोटावर धरून माझ्या बायकोला दाखवली होती. "हे आपल्या रानातलं." मग त्यानं आईला, तिच्या तोंडावर, मोडक्या मराठीत विचारलं, एवढ्याचे किती दिले? आईनं भाव सांगितला. तो हसला. त्याच्या लहानपणी बाजारात व्यापारी येत आणि मिठाच्या बदल्यात चारोळी नेत. वजनाला वजन. फळं गोळा करायची, भिजवून गर काढायचा, बिया वाळवायच्या, जात्यावर हलक्या हातानं कवच फोडायचं, एकेक दाणा निवडायचा. आणि तेवढंच मीठ घरी आणायचं. मीठ रानात होत नाही, काय करणार? माझी आई आयुष्यभर श्रीखंडावर, बासुंदीवर चारोळ्या घालत आली होती. त्या कुठून येतात, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. मग ओसरीवर जाऊन तिनं त्यांना पुन्हा बासुंदी वाढली. पानं मात्र आत घेतली नाहीत. ती पुढं कधी बदलली का, असं लोक विचारतात. थोडी. दर एप्रिलला आम्ही निघालो की कंदी पेढ्यांचा एक पुडा द्यायची. "त्या ओसरीवरच्या माणसाला" म्हणायची. नाव तिनं कधी घेतलं नाही.

त्या सुमारास मला एटापल्लीवर पुस्तक लिहायचं होतं. खाणं, नाती, जुन्या आठवणी. वह्या भरल्या होत्या. एका रात्री मी व्हेरिअर एल्विन वाचत होतो. ऑक्सफर्डचा हा इंग्रज मध्य भारतात आला, गोंडांमध्ये राहिला, बस्तरच्या घोटुलावरचं त्याचं १९४७चं पुस्तक जगभर गाजलं. आमच्या पिढीनं आदिवासींबद्दल जे वाचलं त्यातलं निम्मं त्याचं. बायकोनं विचारलं, यानं लग्न केलं होतं का? केलं होतं, १९४० साली, कोसी नावाच्या गोंड मुलीशी. "मग कोसीचं पुढं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. एल्विनच्या आत्मचरित्राला त्याच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यात कोसी जवळजवळ नाहीच. रामचंद्र गुहा यांचं एल्विनचरित्र १९९९ साली आलं, त्यात बरंच उलगडलं. १९४९ साली कलकत्त्याच्या न्यायालयात, तिच्या गैरहजेरीत, घटस्फोट झाला. तो पुढं ईशान्येकडं गेला, सरकारचा सल्लागार झाला, दुसरं लग्न केलं. ती आपल्या मुलखात राहिली, गरिबीत, आणि २०१० साली तिथंच गेली. तिच्या देशात पाहुणा म्हणून आलेला माणूस जगाला माहीत आहे. तिच्या अंगणात त्यानं काय खाल्लं, हेही माहीत आहे. तिचं म्हणणं कुणी फारसं विचारलं नाही.

दुसरी एक जोडी आठवते, कारण न्याय म्हणून तीही सांगायला हवी. ऑस्ट्रियाचे क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांची इंग्रज पत्नी बेटी. प्राणहितेच्या पलीकडं, तेव्हाच्या निजामी राज्यातल्या आदिलाबादमध्ये, मारलावाई या गोंड गावी ते राहिले. जोडेघाटला कोमराम भीम १९४० साली मारला गेला, त्यानंतरचा तो काळ. १९४३ साली मारलावाईत गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र सुरू झालं, गोंडीतून शिकवायचं. दोघंही त्या मुलखाला परके, तरी पुन्हा पुन्हा येत राहिले. बेटी १९८७ साली हैदराबादला वारल्या. त्यांची समाधी मारलावाईत आहे आणि गोंड लोक त्यांची पुण्यतिथी करतात. हेमलकशाच्या आमटे दांपत्याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते इथं सांगत नाही.

बायकोनं मला पुस्तक लिहू नकोस असं म्हटलं नाही. तिनं फक्त कोसीबद्दल विचारलं. वह्या ट्रंकेत आहेत. हे भाषणसुद्धा तिनं आधी वाचलंय, तीन ठिकाणी खोडलंय, आणि गावाचं नाव सांगायचं नाही ही अट तिची.

आता एटापल्लीचा रस्ता ओळखू येत नाही. सूरजागडच्या डोंगरावर २०१६ पासून लोहखनिज काढायला सुरुवात झाली, ट्रकांच्या धुळीनं रस्त्याकडेची मोहाची झाडं लाल होतात. त्या डोंगरावर ठाकुरदेव आहे, तिथं दर जानेवारीत जत्रा भरते. त्याबद्दल गावात दोन मतं आहेत आणि माझं कुठलं, हे तिथं कुणी विचारत नाही. जावई तो जावई. चुलतसासरे गेले, सासूबाई गेल्या. भाऊ आहे. कान गेले, दात गेले, जावा पिणं चालू आहे.

दोन वर्षांमागं एप्रिलमध्ये आमची लेक तिच्या नवऱ्याला घेऊन तिथं पहिल्यांदा आली. जावई वसईचा, ख्रिस्ती. पोरगा मोकळा, पण घाबरलेला. मी त्याला वाटेत काहीच सांगितलं नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्याच अंगणात, बहुधा त्याच बाजेवर भाऊ बसला होता. त्यानं पोराला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुझे देव किती?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी मोहाच्या झाडाकडं बघायला लागलो.

"एकच," तो म्हणाला.

अंगणात शांतता. भावानं बोटं मोडून हिशेब केला. लेक माझी, म्हणजे सहावाल्यांची. सहावाल्याकडं ती जाणार नाही. तो बराच वेळ विचार करत होता. मग त्याचा बोळका चेहरा उजळला.

"एक तुझा," तो म्हणाला. "सहा आमचे घे. सात झाले."

सात म्हणजे माझ्या बायकोचं माहेर. म्हणजे जावई मामाच्या घरचाच निघाला. सगळे हसले, पोरगाही हसला, कशाला ते न कळता. आतून कुणी तरी द्रोण आणून त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले, माझ्या लेकीकडं पाहिलं आणि उरलेला एका दमात संपवला. भाऊ ओरडला, "दुसरा भर."